मोठ्या बँकेचा माणूस धावत नाही

आमच्या भावजींनी आयुष्यभरात जेवढ्या बस चुकवल्या, तेवढ्या बस आमच्या शहरात तरी असतील का, याची मला शंका आहे. माझं चष्म्याचं दुकान बसथांब्याच्या बरोबर समोर आहे, त्यामुळे मी ऐकीव सांगत नाही. रोज सकाळी भावजी माझ्या दुकानाशेजारच्या इमारतीतून बाहेर पडत. बस थांब्यावर उभी असे. ड्रायव्हर त्यांना ओळखत असे, आरशातून बघत असे, थोडं थांबतही असे. भावजी रस्ता ओलांडून आपल्या चालीनं, हातातली ब्रीफकेस जराही न हलवता, येत राहत. बस निघून जाई. मग ते बाकावर बसून पेपर उघडत आणि पुढच्या बसची वाट बघत.

"चार पावलं पटापट टाकली असती तर मिळाली असती," मी दुकानातून ओरडायची.

"मेहुणीबाई," ते पेपरातून डोकं न काढता म्हणायचे, "मोठ्या बँकेचा माणूस रस्त्यात धावत नाही."

मोठी बँक म्हणजे देशाची बँक. नोटा छापणारी, व्याजाचे दर ठरवणारी आणि बाकीच्या बँका गटांगळ्या खायला लागल्या की त्यांना हात देणारी. तिथे सहाव्या मजल्यावर भावजी अर्थतज्ज्ञ होते. अर्थतज्ज्ञ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर टीव्हीवर बोलणारा माणूस येतो. भावजी टीव्हीवर बोलणाऱ्या माणसाला बोलायचं काय ते लिहून देणाऱ्या माणसाचे मदतनीस होते. पुढे ते स्वतः लिहून द्यायला लागले आणि तिथेच थांबले. गव्हर्नर वगैरे काही झाले नाहीत, व्हायची शक्यताही नव्हती. पण आमच्या गल्लीच्या दृष्टीनं देशातला सगळा पैसा त्यांच्या ब्रीफकेसमधून जात-येत होता. इस्त्रीवाला त्यांच्या शर्टांना जास्त कांजी लावायचा आणि वर विचारायचा, "साहेब, यंदा महागाई कमी करताय ना?"

त्या ब्रीफकेसमध्ये एक केळं आणि वाचायचा चष्मा असायचा. चष्मा मीच करून दिलेला.

त्यांचे वडील बस कंडक्टर होते. आहे की नाही गंमत, बापानं उभा जन्म बसमध्ये काढला आणि मुलानं बसच्या मागे. भावजी म्हणायचे की त्यांना मध्यवर्ती बँकेचं काम कॉलेजात जायच्या आधीच समजलं होतं, ते वडिलांमुळे. एकदा वडिलांच्या बसच्या इंजिनातून धूर यायला लागला. पन्नास माणसं एकदम दाराकडे वळली. वडील दारात हात आडवा लावून उभे राहिले आणि रोजच्याच आवाजात म्हणाले, "सावकाश. सगळ्यांना उतरायचंय, सगळे उतरणार आहेत." माणसं एकेक करून उतरली, कुणाला खरचटलंसुद्धा नाही. घरी आल्यावर वडिलांच्या पायाला इतका कंप सुटला होता की त्यांना बूट काढता येईनात. भावजी तेव्हा नऊ वर्षांचे होते. बुटाच्या नाड्या त्यांनी सोडल्या.

"पुढे मी जाडजाड पुस्तकं वाचली," ते सांगायचे, "पण त्यात याच्यापेक्षा वेगळं काही सापडलं नाही. फक्त आकडे जास्त होते."

शिष्यवृत्ती मिळवून ते परदेशी शिकले आणि तिथल्याच एका आंतरराष्ट्रीय संस्थेत लागले. पैशाच्या अडचणीत सापडलेल्या देशांकडे ही संस्था माणसं पाठवायची. तिसऱ्या वर्षी भावजींना अशाच एका छोट्या देशात पाठवलं. त्या देशात आधीची चार-पाच वर्षं बाहेरचा पैसा नुसता ओतला जात होता. उंच इमारती झाल्या होत्या, चकचकीत दुकानं झाली होती. मग कुठेतरी लांब, दुसऱ्याच खंडात, व्याजाचे दर वाढले आणि तो सगळा पैसा आठवड्याभरात आला तसा निघून गेला. भावजी आणि त्यांचे पाच सहकारी विमानातून उतरले, तेव्हा त्यांच्या हातात काळ्या ब्रीफकेस होत्या आणि हॉटेलची गाडी सुटेल म्हणून ते विमानतळावर जरा पळाले. बास. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात पहिल्या पानावर सहा माणसं ब्रीफकेस घेऊन पळताहेत असा फोटो होता. दुपारपर्यंत त्या देशाचं चलन आणखी घसरलं आणि संध्याकाळी हॉटेलच्या समोरच्या बँकेबाहेर रांग लागली.

"आम्ही मदतीला गेलो होतो," भावजी म्हणायचे. "गाडी सुटणार होती म्हणून पळालो. गाडी मिळाली, देश गेला."

तेव्हापासून ते धावलेले नाहीत. नोकरी सोडून मायदेशी आले, मोठ्या बँकेत लागले, माझ्या ताईशी लग्न केलं, पण धावले नाहीत. पाऊस आला तरी चालीत फरक नाही. कुत्रं मागे लागलं तेव्हासुद्धा ते चालतच राहिले. कुत्रंच कंटाळलं.

आल्या आल्या त्यांनी मोठ्या बँकेत एक टिपण लिहिलं. बाहेरच्या पैशाला यायला जेवढं मोठं दार ठेवाल, तेवढ्याच मोठ्या दारातून तो जाणार आहे, तेव्हा दार बेतानं उघडा, असं त्यात बावीस पानं खर्चून म्हटलं होतं. वरिष्ठांनी त्यावर 'वाचले' असा शेरा मारला. सहा वर्षांनी खरंच पैसा जायला लागला, तेव्हा ते टिपण शोधून काढण्यात आलं आणि दुसऱ्याच कुणाच्या तरी नावावर छापण्यात आलं. मी चिडले. भावजी म्हणाले, "शेरा खोटा होता हे तरी कळलं. आत्ता वाचलं त्यांनी."

माझ्या ताईला मात्र त्यांचं हे न धावणं कधी पचलं नाही, आणि त्याला तसं कारण होतं. माझ्या भाचीच्या जन्माच्या वेळी ताईला अचानक कळा सुरू झाल्या. मी तिला दवाखान्यात नेलं आणि भावजींना ऑफिसात निरोप धाडला. दवाखाना मोठ्या बँकेच्या मागच्याच रस्त्यावर होता. त्या आठवड्यात आपल्या चलनाची दाणादाण उडालेली, बँकेच्या दाराशी पत्रकार तळ ठोकून बसलेले. भावजी बाहेर पडले आणि त्या सगळ्यांच्या देखत, फिरायला निघाल्यासारखे, चालत आले. पोचले तेव्हा भाची जन्मून, रडून, दूध पिऊन झोपली होती.

"चालत आलात," ताई म्हणाली. त्यानंतर अठ्ठावीस वर्षं ती हेच दोन शब्द वापरत आली. दूध उतू गेलं की "चालत आलात". पाहुण्यांसमोर त्यांनी मोठेपणा सांगितला की "चालत आले होते हे". भावजी महागाईपासून युद्धापर्यंत सगळ्यावर बोलत, हे शब्द आले की पेपर उघडत.

ताई शाळेत भूगोल शिकवायची. तीस वर्षं फळ्यापाशी उभं राहून तिचे गुडघे गेले. आणि घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, बहात्तर पायऱ्या. आधी ती रोज खाली यायची, मग एक दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा. माझ्या दुकानात बसून गिऱ्हाइकांच्या खोड्या काढणं हा तिचा विरंगुळा होता, तोही सुटत चालला. गॅलरीत खुर्ची टाकून ती वरून माझ्याशी बोलायची आणि मी मान मोडून खालून उत्तरं द्यायची. डोळ्यांचा नंबर काढणाऱ्या बाईची मान धरली तर धंदा बसायचा, असं मी तिला म्हणाले. ती हसली, पण लगेच गुडघे चोळायला लागली.

अशात बाजाराच्या मागे तळमजल्यावरचं एक घर विकायला निघालं. दोन खोल्या, मागे नळ असलेलं छोटं अंगण आणि दारात फक्त एक पायरी. मालक जहाजावरून निवृत्त झालेला कप्तान होता. आम्ही तिघं घर बघायला गेलो. ताईनं खोल्यांकडे बघितलंसुद्धा नाही. ती त्या एका पायरीवर चढली, उतरली, परत चढली, परत उतरली, आणि लहान मुलीसारखी हसायला लागली. भावजी खिशात हात घालून बघत होते. त्यांनी घासाघीस केली नाही, त्यावरून मी ओळखलं की आता हे घर घेणार.

कप्तानाचा बँकांवर विश्वास नव्हता. इसार रोख हवा, चेक चालणार नाही. "चेक म्हणजे नुसता कागद," तो म्हणाला.

"नोटसुद्धा कागदच असते," भावजी म्हणाले. "त्यावर आमच्या साहेबांची सही असते एवढंच."

"मग मला साहेबांची सही चालेल, तुमची नको," कप्तान म्हणाला.

त्यानंतर चारच दिवसांनी तो प्रकार झाला. सकाळचे सव्वादहा झाले असतील. भावजी नेहमीप्रमाणे एक बस चुकवून बाकावर बसले होते. त्यांचा फोन वाजला. कप्तान बोलत होता. दुसरं गिऱ्हाईक आलंय, एक शिंपी, आज संध्याकाळी रोख घेऊन येणार आहे. तुम्हाला शब्द दिला होता म्हणून आधी तुम्हाला सांगतो, दोन ते तीन मी घरी आहे, इसार आणा. तीन वाजून एक मिनिट झालं की घर शिंप्याचं.

थांब्याला लागूनच आमची छोटी बँक आहे. छोटी बँक म्हणजे गल्लीतल्या सगळ्यांची बचत बँक. एक मॅनेजर, एक कॅशियरबाई, एक शिपाई. माझं काच घासायचं मशीन तिच्याच कर्जातून आलं. भावजींची तीस वर्षांची पुंजीही तिथेच होती. तिथला नियम असा, की मोठी रक्कम काढायची तर साडेदहाच्या आत, कारण नंतर तिजोरी बंद होते.

भावजींनी घड्याळ बघितलं. मग मी माझ्या या डोळ्यांनी, तेही चष्मा लावून, जे बघितलं ते सांगते. भावजी धावले. ब्रीफकेस बाकावर टाकून रस्ता ओलांडून धावले, जिन्यात शिरले, बहात्तर पायऱ्या चढून पासबुक आणि संस्थेच्या काळातली निळी प्रवासी बॅग घेऊन खाली आले, आणि परत धावत छोट्या बँकेत घुसले. टाय खांद्यावरून मागे गेला होता. धावायची सवय नसल्यामुळे गुडघे भलतेच वर उचलले जात होते. इस्त्रीवाल्याच्या हातातली इस्त्री तशीच राहिली, कुणाच्या तरी शर्टाचा धूर निघाला. पाववाला दुकानाबाहेर आला. सगळी गल्ली बघत राहिली. दहा मिनिटांनी भावजी बाहेर आले, तेव्हा बॅग टम्म फुगलेली होती.

बाकावरची ब्रीफकेस आणि पेपर उचलून ते थेट माझ्याकडे आले. धावण्यात डोळ्यांवरच्या लांबच्या चष्म्याचा स्क्रू पडला होता आणि दांडी लोंबत होती. त्यांनी ऑफिसला फोन करून दिवसाची रजा टाकली, बॅग मांडीवर घेतली आणि दोन वाजायची वाट बघत बसले. मी स्क्रू शोधायला घेतला. चष्म्याशिवाय त्यांना समोरचं काही दिसत नव्हतं, ही देवाचीच कृपा म्हणायची.

अकराला चष्मा दिला. त्यांनी तो डोळ्यांवर चढवला आणि काचेतून बाहेर बघितलं. छोट्या बँकेबाहेर तीसेक माणसांची रांग लागली होती.

"अरे वा," भावजी म्हणाले. त्यांचा चेहरा खुलला. "मेहुणीबाई, इकडे या. हे पुस्तकात वाचायला मिळतं, असं समोर फार क्वचित दिसतं. ही साधी रांग नाही. बघा, कुणी कुणाशी बोलत नाहीये. सगळे पुढच्याच्या मानेकडे बघताहेत. ठेवी काढायला आलेत सगळे."

"का पण? बँकेचं काही बिघडलंय?"

"काही नाही बिघडलेलं. पण पैसा तिजोरीत पडून नसतो ना. तो तुमच्या मशीनमध्ये आहे, पाववाल्याच्या भट्टीत आहे. सगळ्यांनी एकाच दिवशी मागितला तर कुठून देणार? दुपारपर्यंत रोकड संपेल, मॅनेजर शटर ओढेल. आणि एकदा ओढलेलं शटर परत वर जात नाही."

माझे पाय शिवशिवायला लागले. माझी पुंजीही तिथेच होती. मी ड्रॉवर उघडून पासबुकाकडे बघितलं आणि परत बंद केला.

"जा, उभ्या राहा," भावजी म्हणाले. "तुम्ही चुकत नाही. त्या रांगेतला एकही माणूस चुकत नाहीये, बाकीचे काढताहेत म्हटल्यावर त्यानंही काढावेत हेच शहाणपण. म्हणून तर हे थांबवणं कठीण. चुकलाय फक्त एक, सुरुवात करणारा. अशा प्रत्येक रांगेच्या मुळाशी कुणीतरी एक मूर्ख असतो. त्याला शोधून काढलं पाहिजे."

तेवढ्यात इस्त्रीवाला काचेपाशी आला. त्याची बायको रांगेत उभी होती. त्यानं भावजींच्या मांडीवरची बॅग बघितली, आदरानं मान डोलावली आणि हळू आवाजात म्हणाला, "साहेब, उपकार झाले तुमचे. तुम्ही धावलात म्हणून कळलं तरी. नाहीतर बुडालोच होतो."

तो गेला.  भावजींनी बॅगेकडे बघितलं. माझ्या दुकानातल्या सहा आरशांत सहा भावजी पांढरेफटक पडले.

"मूर्ख सापडला," मी म्हणाले. मला तेव्हा गप्प बसायला हवं होतं, पण जीभ हाताबाहेर गेली.

"बाहेर जाऊन सांगा ना," मी पुढे म्हणाले. "सांगा, बँक ठणठणीत आहे, मी घरासाठी काढले पैसे."

"कुठल्याही एका बँकेबद्दल बरं-वाईट बोलायचं नाही असा आमच्याकडे नियम आहे. आणि नियम मोडला तरी उपयोग नाही. साहेब स्वतः सांगायला आले म्हणजे नक्कीच काहीतरी आहे, असंच म्हणतील. त्या देशात आमच्या प्रमुखांनी सांगितलं होतं, सगळं ठीक आहे म्हणून. रांग दुप्पट झाली."

त्यांनी ऑफिसला फोन लावला. रोकड घेऊन गाडी निघेल, पण पोचायला पाच वाजतील, असं उत्तर आलं. रांग आता माझ्या दारासमोरून पाववाल्याच्या कोपऱ्यापर्यंत गेली होती. बँकेच्या खिडकीत मॅनेजरचा चेहरा दिसत होता. माझं जुनं गिऱ्हाईक, उणे सातचा नंबर. त्याला रांगेचं शेवटचं टोक दिसत नसणार, हेच बरं होतं.

"मग पैसे परत भरा," मी म्हणाले आणि म्हणताक्षणी मला ताईची ती पायरी आठवली. मी कप्तानाला फोन लावला, एक दिवस द्या म्हणून विनवलं. त्याला रांगेची खबर आधीच लागली होती. "बघा, मी काय म्हणत होतो बँकांबद्दल," तो खूश होऊन म्हणाला. "तीन म्हणजे तीन."

भावजी उठले. माझ्याकडे छोट्या बँकेच्या कोऱ्या स्लिपा असतात. काढायच्या पांढऱ्या, भरायच्या गुलाबी. त्यांनी एक गुलाबी स्लिप मागितली आणि माझ्या टेबलावर बसून नीट अक्षरात भरली.

"मागच्या दारानं जा, शिपाई सोडेल," मी म्हणाले.

"मधे घुसलो तर वाटेल मॅनेजरनं बोलावून घेतलं. रांगेतच उभं राहायला पाहिजे. शेवटी." त्यांनी टाय सरळ केला. "आणि चालत."

ते चालत गेले. माझ्या दुकानापासून पाववाल्याच्या कोपऱ्यापर्यंत, रांगेच्या कडेकडेनं, एका हातात निळी बॅग आणि दुसऱ्या हातात सगळ्यांना दिसेल अशी ती गुलाबी स्लिप. शेवटच्या माणसामागे जाऊन उभे राहिले आणि काखेतला पेपर उघडला. मला शब्दकोड्यातला एक शब्द विचारला, मोठ्यानं, रस्त्याच्या पलीकडून. मला आला नाही. मग त्यांनी जांभई दिली. जांभई खोटी होती हे मला माहीत आहे, कारण मी त्यांना ओळखते. पण इतकी ऐसपैस जांभई मी जन्मात बघितली नाही. ती बघून त्यांच्या पुढच्या तिघांना खऱ्या जांभया आल्या.

"साहेब, भरताय?" पुढचा माणूस म्हणाला.

"हो."

"सगळे?"

"सगळे."

"का पण?"

"माझे पैसे आहेत. मी बँकेत ठेवतो."

एवढंच. बँकेबद्दल एक अक्षर नाही. पण हे प्रश्नोत्तर रांगेतून पुढे सरकत गेलं. माणसं मागे वळून त्या स्लिपेचा रंग बघायला लागली. पहिल्यांदा पाववाला बाहेर पडला, पाव करपत असल्याचं सांगून. मग दोन बायका घरी काहीतरी विसरल्या. इस्त्रीवाल्याची बायको बराच वेळ विचार करत उभी होती, शेवटी तीही गेली आणि जाता जाता नवऱ्याला दोन शब्द ऐकवून गेली. कुणी चुकलो असं म्हणालं नाही, प्रत्येकाला कुठलं तरी काम आठवलं. रांग पुढूनही कमी होत होती आणि मधूनही.

भावजी खिडकीपाशी पोचले तेव्हा तीनला दहा मिनिटं कमी होती. मी दुकान सोडून बँकेच्या दारात उभी होते. आत दहा-बारा माणसं अजून रेंगाळत होती, कडेला उभं राहून भावजींकडे बघत होती. कप्तानाचं घर चालत वीस मिनिटांवर. धावलं तर दहा. बॅग अजून त्यांच्या हातात होती. भिंतीवरच्या घड्याळाकडे त्यांनी एकदा बघितलं, मग परत एकदा. मी त्यांना काय सांगायला हवं होतं ते मला आजही कळलेलं नाही. मला ताई दिसत होती आणि कॅशियरबाईही दिसत होती.

"साहेब," कॅशियरबाई हळूच म्हणाली, "भरायचेत ना?"

भावजींनी बॅग खिडकीतून आत सरकवली. नोटा मोजून होईपर्यंत तिथेच उभे राहिले, पावती घेतली, घडी करून खिशात ठेवली. तीन वाजून पाच मिनिटांनी ते बाहेर आले आणि माझ्या दुकानात येऊन बसले. त्यांच्या पायांना कंप सुटला होता. मी त्यांच्या बुटांच्या नाड्या सोडल्या.

घर शिंप्यानं घेतलं. ताईला भावजींनी सगळं सांगितलं, फक्त धावलो एवढं सोडून. ती मागच्या खोलीत होती, तिनं काही बघितलं नव्हतं. पैसे काढायला गेलो, लोकांचा गैरसमज झाला, परत भरावे लागले, इतकंच त्यांनी सांगितलं. ती दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, "त्यांच्या बँकेपुढे मी कोण गं? मुलीच्या वेळीही तेच, आताही तेच." मला भावजींनी शपथ घातली होती, म्हणून मी ओठ आवळून गप्प राहिले. माझ्यासाठी ते किती अवघड आहे हे एव्हाना तुम्हाला कळलं असेल.

पण मोठ्या बँकेनं भावजींकडे खुलासा मागितला. आपल्याला काही गुप्त माहिती होती का, आणि आपण सार्वजनिक रस्त्यावर कोणत्या कारणाने धावलात. भावजींनी उत्तर लिहिलं आणि त्याची प्रत, शिस्तीचा माणूस म्हणून, घरी फाईलला लावली. ताईनं कपाट आवरताना ती फाईल उघडली. कागदावर लिहिलं होतं: 'गुप्त माहिती: नाही. धावण्याचे कारण: पत्नीचे गुडघे.'

ताईनं गॅलरीतून मला हाक मारली. "हे धावले होते?"

आता शपथ कसली. "धावले," मी खालून सांगितलं. "बहात्तर पायऱ्या वर, बहात्तर खाली."

त्या दिवशी ती जिना उतरून खाली आली. अर्धा तास लागला. खुर्चीत बसून म्हणाली, "नीट सांग. कसे धावले?" मी सांगितलं. टाय, गुडघे, इस्त्रीवाल्याचा करपलेला शर्ट. तिनं परत सांगायला लावलं. पुढच्या वर्षभरात मी ते निदान पन्नास वेळा सांगितलं असेल, आणि 'चालत आलात' हे शब्द त्या घरात पुन्हा ऐकू आले नाहीत. भावजींनी जिन्याच्या प्रत्येक वळणावर एकेक खुर्ची ठेवली. ताई एकेक मजला उतरून बसते, भावजी शेजारी उभे राहून तिला परदेशी चलनांबद्दल सांगतात, कंटाळून ती उठते, आणि पुढचा मजला होतो.

"मला कधी दाखवणार?" ती त्यांना विचारायची.

"निवृत्त झाल्यावर. तोवर पदाची मर्यादा आहे."

गेल्या महिन्यात ते निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी संध्याकाळी बसमधून उतरले, एका हातात फुलांचा गुच्छ, दुसऱ्या हातात ब्रीफकेस. ताई गॅलरीत उभी होती. त्यांनी वर बघितलं. गुच्छ काखेत मारला आणि आमच्या दाराकडे धावत सुटले, तेच गुडघे, तोच खांद्यावरून मागे गेलेला टाय. छोट्या बँकेचा मॅनेजर पांढराफटक चेहरा घेऊन बाहेर आला. त्याचा हात शटरकडे गेला होता.

"घाबरू नका," मी ओरडून सांगितलं. "आजच निवृत्त झालेत. आता त्यांच्या धावण्याला काही किंमत नाही."

भावजी दारात पोचून धापा टाकत उभे राहिले. वर ताई कठड्यावरून वाकून बघत होती, हसत होती, पदरानं डोळे पुसत होती.

"ताई, दिसलं का गं नीट?" मी मान मोडून विचारलं.

"सगळं दिसलं," ती म्हणाली. "अगदी थांब्यापासून. तळमजल्यावरून एवढं दिसलं नसतं."